पहिलं घर अधिक धाकटी

आमचे हे जून २०२२ मध्ये गेले. मेलबर्नचा हिवाळा, संध्याकाळी पाचलाच अंधार. तेरा दिवस घरात माणसांची वर्दळ होती. चौदाव्या दिवशी मी जेवणाच्या टेबलाशी एकटी बसले आणि यांची डायरी उघडली.

एलआयसीची १९९४ सालची डायरी. मिरजेहून येताना कोणीतरी आणून दिलेली. इतकी वर्षं तिच्यात काय काय लिहिलं गेलं होतं: गाडीच्या सर्व्हिसिंगच्या तारखा, सांगलीच्या चुलत्यांचे फोन नंबर आणि शेवटच्या बारा पानांवर पासवर्ड. पासवर्ड म्हणजे काय, तर खुणा. "वीज – नेहमीचा, शेवटी उद्गारचिन्ह." "पाणी – नेहमीचा, उद्गारचिन्ह नाही." आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित केलेलं: "ईमेल – पहिलं घर + धाकटी."

मी संख्याशास्त्रात डॉक्टरेट केलेली, तीस वर्षं विद्यापीठात शिकवलेली बाई. पण आमच्या घराचा विमा कोणत्या कंपनीकडे आहे हे मला ठाऊक नव्हतं. विजेचं बिल, कौन्सिलचा कर, गाडीचं रजिस्ट्रेशन, सगळं यांच्या ईमेलवर येई आणि हे ते निमूटपणे भरत. स्वयंपाकघर माझं, कागदपत्रं यांची, अशी वाटणी आम्ही कधी बोलून केली नव्हती. ती आपोआप झाली आणि छत्तीस वर्षं टिकली. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत आजही हेच असेल, म्हणून हे सगळं लाज बाजूला ठेवून लिहिते आहे.

तर "पहिलं घर". माझ्या हिशेबाने पहिलं घर म्हणजे क्लेटनमधलं एका बेडरूमचं युनिट, जिथे आम्ही १९८६ मध्ये दोन सुटकेसा आणि थोरलीला घेऊन उतरलो. आणि धाकटी म्हणजे अर्थातच आमची धाकटी, त्याच युनिटमध्ये रांगायला लागलेली. मी रस्त्याचं नाव घातलं, तिचं नाव घातलं, जन्मसाल घातलं. तीन प्रयत्न झाले की खातं एक दिवसासाठी बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. आठवडा असाच गेला.

मग एका रात्री मिरजेहून नणंदेचा फोन आला. दादाच्या आठवणी काढून रडत होती. म्हणाली, "वहिनी, आता मला 'धाकटे' म्हणून हाक मारणारं कोणी राहिलं नाही हो."

मी फोन धरून तशीच उभी राहिले. यांची धाकटी ही होती. आणि यांचं पहिलं घर म्हणजे मिरजेच्या ब्राह्मणपुरीतलं सासऱ्यांनी बांधलेलं घर, दारावर 'श्रमसाफल्य' अशी पाटी असलेलं. आपल्या नवऱ्याच्या आयुष्यातल्या सगळ्या पहिल्या गोष्टी आपल्यापासूनच सुरू होतात, असं मी किती सहज धरून चालले होते!

पण उत्तर कळलं तरी गणित संपलं नव्हतं. 'श्रमसाफल्य' रोमन लिपीत कसं लिहायचं? श्रमच्या शेवटी 'ए' आहे की नाही? साफल्यमध्ये 'एफ' की 'पीएच'? पहिलं अक्षर मोठं की लहान? जन्मसाल चार आकडी की दोन आकडी? दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, सोळा पर्याय. रोज तीन प्रयत्न. कागदावर सोळा ओळी लिहून एकेक खोडत गेले. पाचव्या दिवशी पासवर्ड जुळला.

आणि पडद्यावर आलं: तुमच्या मोबाइलवर पाठवलेला सहा आकडी कोड टाका.

तो मोबाइल नंबर मी स्वतःच तिसऱ्या आठवड्यात फोन कंपनीला कळवून बंद केला होता. मृत्यूचा दाखला देऊन, अगदी रीतसर.

ते खातं आजही बंद आहे. त्यात आमचे अकरा वर्षांचे फोटो आहेत. ज्या कंपनीचं खातं, तिला कागदपत्रं पाठवली, पण अजून हाती काही आलं नाही. घराच्या विम्याच्या नूतनीकरणाचं पत्रही त्याच खात्यात गेलं होतं, त्यामुळे दोन महिने आमचं घर विम्याविना उभं होतं, हे मला नंतर कळलं. दुसऱ्याच्या खात्यात त्याच्या पासवर्डने शिरणं, मग तो नवरा का असेना, हे नियमांतही बसत नाही. खरा मार्ग कागदपत्रांचाच, आणि बँकांच्या बाबतीत मी तोच धरला. पण त्या रात्रींचा धडा मी विसरलेले नाही. ज्याला आमच्या घराण्याची माहिती आहे त्याच्यासाठी तो पासवर्ड सोळा प्रयत्नांचा होता. घराची पाटी आणि बहिणीचा वाढदिवस फेसबुकवर कोणालाही सापडेल. म्हणजे चोराला सोपा आणि बायकोला अवघड! वाईट पासवर्डची याहून चांगली व्याख्या मला करता येणार नाही.

धाकटी, म्हणजे आमची, त्याच सप्टेंबरात म्हणाली, "आई, तुझं सगळं मी पासवर्ड मॅनेजरमध्ये घालून देते. एकच पासवर्ड तू लक्षात ठेवायचा, बाकीचे तो ठेवेल."

मी नाही म्हटलं, आणि काळ माझ्या बाजूने उभा राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये ऑप्टसच्या सुमारे ९८ लाख आजीमाजी ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याचं जाहीर झालं. ऑक्टोबरात मेडिबँक, ९७ लाख. आणि डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, लास्टपास या पासवर्ड मॅनेजर चालवणाऱ्या कंपनीनेच सांगितलं की ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरांनी नेल्या आहेत. मी मुलीला ती बातमी पाठवली. खाली काही लिहिलं नाही. आईने न बोलता सांगितलेलं मुलींना बरोबर कळतं.

आणि मी माझी वही केली. नवी, जाड पुठ्ठ्याची, खुणांशिवाय. सगळं स्पष्ट अक्षरात.

वहीला हसू नका. वही परदेशातल्या चोराला वाचता येत नाही. तिला वीज लागत नाही. घरफोड्याला लॅपटॉप हवा असतो, बाईच्या अक्षरातली वही नको असते. आपल्या आयांच्या गोदरेजच्या कपाटाची किल्ली साड्यांच्या दुसऱ्या घडीखाली असते हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं, तरी संसार झाले. अडीचेक वर्षं मी वहीवर सुखाने काढली.

त्या सुखाला तडा गेला तो एप्रिल २०२५ मध्ये. अनेक सुपर फंडांच्या सभासदांच्या खात्यांत चोर शिरल्याची बातमी आली. एकट्या ऑस्ट्रेलियनसुपरने सांगितलं की सुमारे ६०० सभासदांचे चोरलेले पासवर्ड वापरून खात्यांत शिरण्याचे प्रयत्न झाले. चार जणांचे मिळून सुमारे पाच लाख डॉलर गेले असं वृत्त होतं. आयुष्यभराची पुंजी ती. मला अस्वस्थ केलं ते चोरीच्या पद्धतीने. फंडाचं कुलूप कोणी फोडलं नव्हतं. दुसरीकडून कुठूनतरी, एखाद्या बुटांच्या दुकानातून म्हणा की रेसिपीच्या साइटवरून, फुटलेले ईमेल आणि पासवर्ड घेऊन चोरांनी ते या दारांना लावून पाहिले. ज्यांनी दोन्हीकडे एकच किल्ली वापरली होती त्यांची दारं उघडली.

मी माझी वही घेऊन बसले आणि सवयीने मोजलं. खाती ४३. वेगवेगळे पासवर्ड पाच. सुपरचा आणि एका नाटकाच्या तिकिटांच्या साइटचा एकच.

वहीतला दोष वहीत नव्हता, माझ्या हातात होता. जे हाताने लिहायचं आणि हाताने टाइप करायचं, ते माणूस आखूड करतो आणि परत परत वापरतो. क्वीन्सलँडच्या ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये 'हॅव आय बीन पोन्ड' ही साइट सुरू केली. तिथे आपला ईमेल घातला की तो कोणकोणत्या फुटलेल्या यादीत आहे हे फुकट कळतं. माझा चार याद्यांत होता.

तेव्हा मी मॅनेजरचा विचार प्रथमच शांतपणे केला. जी गोष्ट आपण विद्यार्थ्यांना शिकवली ती स्वतःला लावायला हरकत नव्हती. धोका आहे का, हा प्रश्न निरुपयोगी असतो. कोणता धोका, किती, आणि कशाच्या तुलनेत, हे विचारावं लागतं.

लास्टपासचंच घ्या. चोर आले ते एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकातून, त्यावरच्या एका जुन्या मीडिया प्रोग्रॅमच्या भोकातून. त्यांनी तिजोऱ्यांच्या प्रती नेल्या. कोणकोणत्या साइटवर खाती आहेत हे पत्ते त्यात उघडे होते, ती कंपनीची मोठी चूक. पण आतले पासवर्ड सांकेतिक रूपात होते, आणि ते उलगडणारा मास्टर पासवर्ड कंपनीकडे नव्हताच. चांगल्या मॅनेजरची रचना अशीच असते. तिजोरी त्यांच्याकडे, किल्ली फक्त तुमच्याकडे. विसरलात तर तेही उघडून देऊ शकत नाहीत.

म्हणजे सगळा भार त्या एका मास्टर पासवर्डवर. मला यांच्या खात्यावर रोज तीनच प्रयत्न मिळत होते, पण तिजोरीची प्रतच ज्याच्या हातात आहे त्याला कोणी अडवत नाही. त्याचा संगणक रात्रंदिवस किल्ल्या लावत बसतो. अशा चोरापुढे नातवाचं नाव आणि जन्मसाल क्षणभरही टिकणार नाही. शंभर वर्षांतल्या सगळ्या जन्मतारखा घेतल्या तरी त्या जेमतेम साडेछत्तीस हजार होतात.

मग टिकेल काय? अर्नोल्ड राइनहोल्ड नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९९५ मध्ये एक साधी युक्ती सांगितली. ७,७७६ शब्दांची क्रमांक लावलेली यादी घ्यायची. पाच फासे टाकले की एक क्रमांक, म्हणजे एक शब्द मिळतो. असे पाच शब्द एकापुढे एक ठेवायचे. शक्यता किती? भास्कराचार्यांच्या लीलावतीत संख्यास्थानांची नावं परार्धापर्यंत दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. पाच शब्दांच्या शक्यता सुमारे २८४ परार्ध होतात. आणि शब्द साधे असल्यामुळे माणसाच्या लक्षात राहतात. इथल्या सरकारची सायबर संस्थाही चार किंवा अधिक असंबद्ध शब्दांचा वाक्यांश सुचवते. 'असंबद्ध' हा शब्द महत्त्वाचा. माझ्या मनात आधी मनाच्या श्लोकांतली ओळ आली होती. पण जे छापलेलं आहे ते चोराच्या संगणकालाही पाठ असू शकतं. निवड आपण करायची नाही, फाशांनी करायची.

एका रविवारी नात आली तेव्हा आम्ही सापशिडीचे फासे काढले. यादी इंग्रजी होती. मला मराठी शब्द हवे होते. म्हणून मोल्सवर्थचा कोश काढला, फाशांनी पान ठरवलं आणि फाशांनीच पानावरचा शब्द. नात वाचायची, "आजी, हे काय आहे?" आणि मी अर्थ सांगायचे. दोन शब्द मलाही माहीत नव्हते. एक तासात पाच शब्द मिळाले आणि तिला पंधरा. त्या पाचांपैकी एकही इथे सांगत नाही. पण 'श्रमसाफल्य' विसरले नव्हते, म्हणून प्रत्येक शब्दाचं रोमन स्पेलिंग तिथल्या तिथे ठरवून कागदावर लिहिलं. मराठी शब्द वापरणाऱ्यांनी ही एक गोष्ट जरूर करावी. 'झ' एका वर्षी एका तऱ्हेने आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या तऱ्हेने लिहिला, तर आपल्याच घराबाहेर आपण.

आता सोयीविषयी. सोय आणि सुरक्षा एकमेकींच्या सवती आहेत असं मी मानत होते. एका दुपारी मोबाइलवर मेसेज आला: मायगव्ह खात्यात परतावा जमा आहे, इथे टिचकी मारा. घाईत मारली. पान हुबेहूब तेच. पण मॅनेजरने पासवर्ड भरला नाही, नुसता गप्प बसला. मला वाटलं, बिघडला. मग पत्ता नीट पाहिला तर तो मायगव्हचा नव्हताच. मायगव्ह मेसेजमध्ये साइन-इनची लिंक कधी पाठवत नाही, हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही. माणूस पानाचा चेहरा बघतो, मॅनेजर पत्ता बघतो. माझे डोळे चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. इथे सोयीनेच मला वाचवलं.

आणि हीच सोय कशी उलटते तेही सांगते. मेडिबँकच्या चोरीबाबत माहिती आयुक्तांनी २०२४ मध्ये फेडरल कोर्टात जो दावा केला, त्यात म्हटलं आहे की एका कंत्राटदाराच्या कर्मचाऱ्याने कामाचे पासवर्ड आपल्या खासगी ब्राउझर खात्यात साठवले. ते आपोआप त्याच्या घरच्या संगणकावर गेले आणि तिथल्या व्हायरसने उचलले. शिवाय आत शिरायला दुसऱ्या कोडची गरजच नव्हती. तेव्हा जुडगा कितीही चांगला असला तरी तो कोणत्या संगणकावर काढतो हे बघायला हवं. मी माझा जुडगा माझ्या फोनवर आणि माझ्या लॅपटॉपवरच उघडते. लायब्ररीत नाही, मैत्रिणीच्या टॅबलेटवर नाही. आणि ईमेल, बँक, सुपर यांना दुसरा कोड लावलेलाच आहे, म्हणजे तिजोरी फुटली तरी ती दारं एका किल्लीने उघडणार नाहीत.

सुरुवातीला मी आणखी एक चलाखी केली होती. बँकेच्या पासवर्डची शेवटची चार अक्षरं मॅनेजरमध्ये ठेवायची नाहीत, डोक्यात ठेवायची. गणिताने उत्तम. पण फेब्रुवारीत एटीएमपुढे उभी असताना बारा वर्षं वापरलेला पिन मला आठवला नव्हता. मागे रांग. दोन मिनिटांनी आठवला, पण ती दोन मिनिटं मी मोजली आहेत. माझ्या वयात चोर येण्याची शक्यता आणि विसरण्याची शक्यता समोरासमोर ठेवली, तर दुसरी दरवर्षी वाढणार. ती चलाखी मी सोडून दिली.

माझ्या हिशेबात शेवटी तीन धोके उरले: चोरी, विसर आणि मृत्यू. पहिल्या दोघांना मॅनेजर वहीपेक्षा चांगला पुरतो. तिसऱ्याला तो आपणहून पुरत नाही. उलट पक्का मास्टर पासवर्ड बरोबर घेऊन गेलेला माणूस यांच्या डायरीहूनही भक्कम भिंत मागे ठेवतो. पासवर्डचा विचार करताना आपण सगळे पहिल्या धोक्याविषयी बोलतो, आणि आपल्या पिढीच्या घरांना खरा फटका तिसऱ्याचा बसतो.

म्हणून ही कामं केली. पाच शब्द स्पेलिंगसह कागदावर लिहून पाकिटात बंद केले. फोन हरवला तर उपयोगी पडणारे आणीबाणीचे कोड छापून त्यातच ठेवले. पाकीट मृत्युपत्राबरोबर आहे, मृत्युपत्रात नाही. प्रोबेटनंतर मृत्युपत्र कोणालाही बघता येतं, तिथे पासवर्ड लिहू नये. काही मॅनेजरमध्ये विश्वासातल्या माणसाला नेमता येतं. त्याने प्रवेश मागितला आणि आपण ठरवलेल्या मुदतीत नकार दिला नाही तर तिजोरी उघडते. तिथे धाकटीचं नाव आहे. अॅपल २०२१ पासून वारस नेमू देतं, गूगलवर खातं दीर्घकाळ वापरात नसेल तर काय करायचं ते २०१३ पासून सांगून ठेवता येतं. दोन्ही भरायला अर्धा तास पुरला. तेवढा अर्धा तास आम्ही दोघांनी मिळून वेळीच काढला असता तर? फोटो आज माझ्याकडे असते. आणि हो, कोणी गेलं तर त्याचा मोबाइल नंबर घाईने बंद करू नका. तो सगळ्यात शेवटी.

थोरलीने ब्रिस्बेनहून विचारलं, "आई, म्हणजे आता आम्ही तुझं सगळं वाचू शकतो?" मी म्हटलं, मी असेपर्यंत नाही. नंतर वाचा, पण सावकाश. यांचं ते खातं बंद राहिलं यात कदाचित यांचाही काही मान राखला गेला असेल, असं अलीकडे वाटतं. पण तो निवडीचा प्रश्न हवा. काय उघडं ठेवायचं आणि काय मिटवून जायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. यांनी ठरवलं नव्हतं, नुसतं राहून गेलं.

लक्ष्मीपूजनाला आपण तिजोरीच्या किल्ल्या आणि वह्या पुजतो. पाडव्याला बायको ओवाळते आणि नवरा ओवाळणी घालतो. यंदा ज्या घरांत दोघं आहेत तिथे ओवाळणीनंतर अर्धा तास टेबलाशी बसा. विमा कुठे, बिलं कोणाच्या ईमेलवर, मास्टर पासवर्डचं पाकीट कुठे. जी मुलं हे वाचत असतील त्यांनी आईबाबांना विचारायला संकोच करू नये. हा प्रश्न मरणाचा नाही, घर चालू राहण्याचा आहे.

माझ्याकडे पाडव्याला धाकटी आणि नात येणार आहेत. फराळ झाला की पाकीट काढायचं, मी पाच शब्द न बघता म्हणून दाखवायचे, नातीने कागदावर ताडून पाहायचे, आणि पाकीट पुन्हा बंद. दरवर्षी. ज्या वर्षी मला एक शब्द आठवणार नाही, त्या वर्षी तो तिला आठवेल.